लोखंडातलं बोट

माझ्या वडिलांना, आबांना, कुणी "हे जमेल का?" असं विचारलं की मला धडकी भरते. उत्तर ठरलेलं असतं. "हाय काय आन न्हाय काय!"

उद्यमनगरात माझं शॉप आहे. इंजिनाचे ब्लॉक, म्हणजे सिलिंडरांचे लोखंडी सांगाडे, आतून कातून बोअर करून देते. मशीनपुढे बाई दिसली की नवीन गिऱ्हाईक "मालकांना बोलवा" म्हणतं, मग मी त्याला जे काय बोलते त्यानंतर पुन्हा तसं म्हणत नाही. पेठ वडगावचा उदयसिंह मात्र पहिल्या दिवसापासून "क्रांतीताई" म्हणत आला, म्हणून त्याची गाडी मी हातात घेतली. जुनी अमेरिकन गाडी, आठ सिलिंडरची, बॉनेटमधून सुपरचार्जर वर आलेला. पंगतीत पाहुणा नको नको म्हणत असताना ताटात वाढत राहावं, तसा हा सुपरचार्जर इंजिनात हवा कोंबत राहतो. पोट मजबूत असेल तर गाडी उडते, नसेल तर फुटतं. उदयसिंहच्या गाडीचं गारगोटीच्या रस्त्यावर फुटलं. सिलिंडरच्या भिंतीला उभी चीर गेली, पाणी तेलात मिसळलं. तो ब्लॉक संपला.

त्यानं परदेशातून त्याच जातीचा एक जुना ब्लॉक मागवला. तो पेटीतून बाहेर काढला तेव्हा गंजानं नुसता लाल झालेला. आबा तिथंच बसले होते.

"ह्यो गंजका कशाला बसवतोस? मी ओततो की नवा."

"जमंल काका?"

झालं!

आबांचं, म्हणजे आकारामचं, सारं आयुष्य शिरोलीच्या फौंड्रीत ओतकाम करण्यात गेलं. त्यांच्या हातचे पंप, ट्रॅक्टरचे ब्लॉक कुठं कुठं गेले, पण त्यांवर नाव नेहमी दुसऱ्याचंच. या ब्लॉकच्या साच्यात त्यांनी स्वतः अक्षरं बसवली: आकाराम. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला एवढं एकच हवं होतं, आपल्या नावाचं इंजिन एकदा धावताना बघायचं. उदयसिंहनं शब्द दिला, "चांगला निघाला तर तुमचाच बसवणार." आणि दोन्हींतला चांगला कुठला हे मी सांगायचं होतं. माझ्या नशिबाला काय म्हणावं!

साच्याच्या आत वाळूचा ठोकळा बसवतात, त्याला कोअर म्हणतात. जिथं कोअर तिथं लोखंडात पोकळी राहते. कोअर केसभर सरकला की सिलिंडरची भिंत एका बाजूला जाड होते, दुसऱ्या बाजूला पातळ. बाहेरून काही कळत नाही. फौंड्रीत कोअर बहुतेक बायका करतात. माझी आई, बयाबाई, तेच करायची. आबांच्या साच्यात कायम आईचा कोअर. या वेळी मात्र आबांनी तिला विचारलंसुद्धा नाही, सगळं स्वतःच केलं. नावात वाटेकरी नको असणार, दुसरं काय?

आबांचा ब्लॉक देखणा निघाला. गल्लीतले सगळे बघून गेले. मी जाडी मोजायचं यंत्र लावलं आणि तिसऱ्या सिलिंडरला माझा हात थांबला. एक बाजू पातळ होती. साध्या ट्रॅक्टरला चाललं असतं, पण सुपरचार्जरपुढे ती भिंत टिकली नसती. मग गंजका ब्लॉक घेतला. पहिला सिलिंडर मोजला, दुसरा मोजला, आठही मोजले, परत मोजले. जिथं यंत्र टेकवावं तिथं तोच आकडा! पन्नासेक वर्षांपूर्वी कुठल्या तरी लांबच्या गावात कुणी तरी वाळूचा ठोकळा असा बसवला होता की वरून लाल लोखंडाचा लोंढा पडूनही तो हलला नव्हता. खोटं नाही सांगत, मी दोन पावलं मागं सरले.

आबांना हे तोंडानं सांगायची माझी हिंमत नव्हती. मी त्यांच्या हातात यंत्र दिलं. उदयसिंहही आला होता.

आधी त्यांनी स्वतःचा ब्लॉक मोजला.

"यंत्र बिघाडलंय तुझं."

"तेच यंत्र तिकडं लावा की आबा."

त्यांनी लावलं. एकेक सिलिंडर बघत गेले. सगळं झाल्यावर ते गंजक्या ब्लॉकवर वाकले आणि सिलिंडरच्या दोन रांगांमधल्या खळग्यात हात फिरवू लागले. एका जागी बोटं अडली. तिथं लोखंडाचा लहानसा लांबट उंचवटा होता.

उदयसिंह म्हणाला, "काका, फॉल्ट हाय व्हय त्यो? ग्राइंडर मारून काढू."

"हात लावू नगंस!" आबा असे ओरडले की शेजारच्या शॉपमधली माणसं बाहेर आली. "बोट हाय ते. कोअरचा टवका निघाला असंल, त्येला लेप लावून अंगठ्यानं दाबलाय. वाळूत खड्डा, म्हंजी लोखंडात उंचवटा. आपल्याकडं बी असंच करत्यात."

त्यांनी आपला अंगठा ठेवला. फार रुंद होता. मग मला म्हणाले, "क्रांते, तुजा लाव बगू."

मी लावला. उंचवटा माझ्या अंगठ्याखाली तंतोतंत झाकला गेला. माझे हात आईवर गेलेत, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे.

"बाई हाय," आबा पुटपुटले. "बाईमाणसाचा हात हाय ह्यो."

मग ते खाली स्टुलावर बसले. रागावले असतील म्हणून मी घाबरले होते, पण त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"उदय, ह्योच बसव," ते म्हणाले. "माझा भट्टीत जाऊ दे."

"काका, पण तुमचं नाव..."

"नाव घालाय सोपं असतंय रं."

त्या संध्याकाळी मी त्यांच्या मागोमाग घरी गेले. आई सोप्यात सूप पुढ्यात घेऊन घेवडा निवडत बसली होती. आबा चप्पल न काढताच तिच्यासमोर उकिडवे बसले.

"कोअर सरकला माझा," ते म्हणाले.

आईनं वर बघितलं नाही. "व्हय?"

"जन्मात न्हवता सरकला कवा."

"तुमचा कुठला? तवा माझा असायचा की."

मला वाटलं, आता भांडण पेटणार. आबांनी मान खाली घातली.

"त्येच सांगाय आलोय. एवढी वर्सं माल माझा म्हणून मिरावलो, आन आतलं समदं तू धरून बसलीवतीस. परत ओतायचाय मला. तुज्याबिगर न्हाय जमायचं."

"न्हाय जमायचं" हे शब्द आबांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकले. आईनंही पहिल्यांदाच ऐकले असावेत, कारण शेंग हातात तशीच धरून तिनं आता वर बघितलं. मग तिनं घेवड्याचं सूप माझ्याकडे ढकललं आणि उठून कोअरच्या कामाचा चष्मा शोधायला लागली.