नमिताचा खोकला

वैशालीने नमिताच्या एक्स-रेची फिल्म रोह्याच्या दवाखान्यातल्या खिडकीला लावून पाहिली. छाती स्वच्छ होती. पेणला काढली तेव्हाही स्वच्छच होती, आणि थुंकीतही काही सापडलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, "काही नाही हिला, घेऊन जा." वैशालीच्या हातातला मोबाइल मात्र लाल तोंड करून बसला होता. क्षयाचा धोका जास्त, एवढं एकच पालुपद.

हमरापूरकडच्या उपकेंद्रात सिस्टर म्हणून तिने बरंच भोगलं होतं, पण असला डोक्याला ताप पहिलाच. मुंबईच्या कुठल्याशा संशोधनवाल्यांनी हे ॲप दिलं होतं. माणसाने मोबाइलसमोर खोकायचं आणि हजारो लोकांचे खोकले ऐकून शहाण्या झालेल्या यंत्राने सांगायचं, क्षय कोणाला असू शकतो. ऐकायला झकास. पेण-रोहा वाऱ्या करून चपला झिजवायच्या त्या वैशालीने.

नमिता बाकावर बसली होती. सासरच्या गणपतीच्या कारखान्यात ती मूर्ती रंगवायची. नखांत पितांबराचा पिवळा रंग होता.

"सिस्टर, आता तरी घरी सांगाल ना? साईराजला माझ्याजवळ झोपू देत नायत."

लाल दिवा लागला त्या दिवसापासून नमिताचं ताट वेगळं, पेला वेगळा, आणि दीड वर्षाचा साईराज आजीच्या कुशीत. सासू बायजा वाईट बाई नव्हती. उलट पोराला काही होऊ नये म्हणून तीच त्याला रात्रभर उराशी धरून होती. पोर आईसाठी रडायचं आणि नमिता दाराआड उभी राहून ऐकायची. घरचे लोक फिल्मला मानत नव्हते. लाल दिवा त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता.

"सांगते गो. पण या मेल्याने आधी गप्प बसायला हवं ना," वैशाली म्हणाली आणि तिने प्रकल्पातल्या ऋत्विकला फोन लावला.

"मॅडम, आपलं मॉडेल सहसा एवढं चुकत नाही," तो गोड आवाजात म्हणाला. "रेकॉर्डिंगच्या वेळी काही गडबड झाली असेल."

"गडबड कसली? आवाज नको म्हणून भर उन्हाळ्यात कारखान्याचे पंखे बंद करायला लावले मी. माणसं घामाने निथळत होती. तुमचं मॉडेल तिकडे एसीत बसून निकाल देणार आणि इथे पोरीचं मूल तिच्यापासून तोडलंय, ते कोण बघणार?"

ऋत्विकच्या आवाजातला गोडवा ओसरला.

"आत्ता पुन्हा एकदा रेकॉर्ड करता का?"

वैशालीने फोन ठेवला, नमिताला जिन्याखालच्या रिकाम्या कोपऱ्यात नेलं आणि मोबाइल तिच्या तोंडासमोर धरला.

"खोक. लाजू नको."

नमिताने पदर सावरला आणि ती कोरडं, हलकंसं खोकली. यंत्राने विचार केला. मग पडदा हिरवा झाला. धोका कमी.

सुंठीवाचून खोकला गेला, असं वैशालीला क्षणभर वाटलं. दुसऱ्याच क्षणी तिचं डोकं पुन्हा तापलं.

"मग त्या दिवशी काय दिवे लावलेस गो? असं कसं खोकलीस, की याने थेट लाल दाखवलं?"

नमिता इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली.

"त्या दिवशी मी कुठं खोकले?"

"म्हणजे?"

"तुम्ही मोबाइल देऊन शेजारी पुंडलिककाकांचं बीपी बघायला गेलात. मामंजी समोरच मूर्ती घासत बसलेले. त्यांच्यासमोर तोंड वासून खोकायचं म्हणजे... मला नाय जमलं. मोबाइल सारखा सांगत होता, आणखी मोठ्याने, आणखी मोठ्याने. मग आई म्हणाल्या, आण इकडं, मी खोकते. खोकला तो खोकला, मशिनला काय कळतंय."

वैशालीच्या डोळ्यांसमोर बायजा आली. स्वतःच्या तपासणीला बायजाने तिला उडवून लावलं होतं. मला काय धाड भरलीय, प्लास्टरच्या धुळीत बसणारा माणूस खोकणारच, असं ती म्हणाली होती. आणि कारखान्यात सगळेच खोकतात म्हणून वैशालीनेही ते सोडून दिलं होतं.

"हे आधी का नाय बोललीस?"

"फोटो काढला की कळंलच म्हटलं. आणि आईंचं नाव कशाला घेऊ? माझ्यासाठीच केलं ना त्यांनी." नमिताने फोन काढला. ती आनंदात होती. "त्यांना सांगते, आज साईराज माझ्याकडं. हिरवं आलं म्हणून सांगते."

तिने स्पीकर लावला. बायजाने उचलायला वेळ लावला.

"हळू बोल गो, आत्ताच डोळा लागलाय त्याचा. मांडीवरच हाय माझ्या." पुढचं बोलायच्या आत तिला ढास लागली. खोल, ओली, थांबता थांबेना अशी. त्यातच पोर दचकून रडायला लागलं, आणि खोकता खोकताच आजी त्याला थोपटू लागली.

नमिताच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं होतं. वैशालीने तिच्या हातातून फोन घेतला.

"बायजाबाई," ती शक्य तितक्या शांतपणे म्हणाली, "पोराला जरा खाली ठेवता का?"