शिट्टी माझी नव्हती

मी ट्वीटर. स्पीकरच्या पेटीत वरच्या बाजूला बसलेला, बाटलीच्या झाकणाएवढा. जाड, घुमणारे आवाज खालचा मोठा भाऊ सांभाळतो; बारीक, चढे सूर माझ्याकडे. कारखान्यात एका बाईने श्वास रोखून माझा रेशमी पडदा चिकटवला, सुरकुती पडू नये म्हणून. इतक्या जपणुकीने जन्मलेल्याला पुढे गुन्हेगार ठरवतील, असं कुणाला वाटेल?

या पेटीतला मी तिसरा. आधीच्या दोघांना काढून टाकलं होतं, कारण पेटीचा मालक, एका ऑर्केस्ट्रातला सिंथेसायझरवाला, सारखी एकच तक्रार आणायचा: वरच्या पट्ट्या वाजवल्या की स्पीकर शिट्टी मारतो.

दुरुस्ती करणाऱ्या काकांना ती शिट्टी ऐकूच यायची नाही. वय झालं की माणसाच्या कानातून सगळ्यात आधी जातात ते माझेच सूर. पण कबूल कोण करणार? काका गुपचूप स्क्रू ड्रायव्हर उचलायचे.

मी बसलो, आणि आठवड्यात मालक एका हातात पेटी घेऊन, सिंथेसायझर काखेत मारून पुन्हा हजर.

"काका, किती ट्वीटर बदलणार? आता कानच बदला."

काका हसले नाहीत. "ठेवून जा. संध्याकाळी ये."

तो गेल्यावर ते मुलीला म्हणाले, "दुकान आवरतो आता. मला जमत नाही."

मुलगी कॉलेजात शिकते. "बाबा, तो स्क्रू ड्रायव्हर आधी खाली ठेवा," म्हणत तिने सिंथेसायझर जोडला आणि एकेक पट्टी वर वर दाबत गेली. "सूर वर चाललाय, शिट्टी मात्र खाली येतेय. स्पीकर कशाला असली उलटी चाल करेल?"

"मला ऐकू तर यायला हवी ना, बाई."

"थांबा जरा. तीच येतेय तुमच्याकडे."

आणखी चार पट्ट्या. काकांची मान वळली. "आली," ते हळूच म्हणाले.

मी मिळतं तेच बोलतो. सिंथेसायझर सेकंदाला ठरावीक वेळा आकडे मांडून सूर घडवतो. सुरातली सगळ्यात बारीक थरथर त्या मांडणीच्या वेगाच्या निम्म्याहून जलद झाली की त्याची गफलत होते. वर जाणारी ती थरथर उलटी वळते आणि भलताच सूर होऊन खाली येते. वेगात धावणाऱ्या गाडीची चाकं सिनेमात कधी उलटी फिरताना दिसतात ना, तसंच.

संध्याकाळी काकांनी सांगून टाकलं, "शिट्टी तुझ्या सिंथेसायझरची आहे. आधीचे दोन ट्वीटर मी उगाच काढले. वरचं मला ऐकू येत नाही, आणि ते मी लपवलं."

तो स्टूल ओढून बसला. "कानाचं उगाच बोललो, काका. आता याचं काय करायचं ते सांगा."

दुकान चालू आहे. खालचं काका ऐकतात, वरचं मुलगी.

माणसांनो, कानाला टोचलं की तुम्हाला बोलणाऱ्याला उपटायची भारी घाई. जरा मागे जाऊन तारेचं दुसरं टोक बघा की! माझं रेशीम एक दिवस विरेल, तेव्हा मला खुशाल काढा. माझ्याआधीच्या दोघांना मात्र कुणी विचारलंसुद्धा नाही.