घरची लोकर

नाताळ तोंडावर आला तसं डॉक्टरीणबाईंनी घर रिकामं करायला काढलं. सामान नव्हे, जनावरं.

डॉक्टर म्हणजे त्यांचे यजमान, गुरांचे डॉक्टर. ते जाऊन बरेच दिवस झाले, पण त्यांनी घरी आणून ठेवलेली जनावरं काही गेली नव्हती. ज्याचा मालक परत न्यायला फिरकला नाही, ते ते डॉक्टरांच्या सायकलवर बसून घरी आलं आणि घरचंच होऊन गेलं. तीन पायांची ठमी मांजर, भांडकुदळ पोपट वकीलसाहेब, पांढऱ्या लांब केसांचे ससे, बागेत हिरवं पान म्हणून शिल्लक न ठेवणारी शेळी, आणि सगळ्यांत म्हातारा झिप्र्या. झिप्र्या हा कुत्रा आहे हे नवख्या माणसाला सांगावं लागे. लांबून तो कोपऱ्यात फेकलेल्या गोधडीसारखा दिसायचा.

लेकीचा फोन आला होता. "आई, आम्ही नाताळला येतोय. पण उतरणार लॉजवर."

"लॉजवर? अगं, घर काय ओस पडलंय का?"

"चिमणीला दमा आहे. जनावरांच्या केसांनी उठतो. तुझ्याकडे तर श्वासाबरोबर केस आत जातात."

चिमणी म्हणजे बाईंची नात. तिला त्यांनी अजून फोटोतच पाहिलं होतं. लग्न झाल्यापासून लेक या घरात एक रात्रही राहिली नव्हती. वडील गेले तेव्हासुद्धा सकाळी आली आणि संध्याकाळी परत गेली.

"मी घर मोकळं करते," बाई म्हणाल्या. "एक केस सापडला तर माझं नाव बदल. पण उतरायचं घरीच."

"बघ हं, आई," लेक म्हणाली. त्या 'बघ हं'मध्ये विश्वास फारसा नव्हता, पण नकारही नव्हता. बाईंना तेवढं पुरलं.

पुरलं नाही ते वन्संना. डॉक्टरांची ही थोरली बहीण लग्नाच्या फंदात न पडता जन्मभर भावाकडेच राहिली होती.

"माझ्या भावाची माणसं घालवतेस तू, वहिनी."

"वन्सं, ती माणसं नाहीत."

"माणसांपेक्षा बरी आहेत. निदान लॉजवर तरी उतरत नाहीत."

तरी बाई हटल्या नाहीत. शेळी गवळ्याकडे गेली, ससे शाळेच्या बाईंनी नेले, ठमीला पाववाल्याने ठेवून घेतलं. वकीलसाहेबांची सोय न्हाव्याच्या दुकानात झाली. तिथे दिवसभर वाद घालायला माणसं आयतीच मिळत होती. राहिला झिप्र्या. लाकडाच्या वखारीतला राखणदार त्याला सांभाळायला तयार झाला, पण झिप्र्याच्याने तेवढं चालवेना, म्हणून हातगाडी आणली. गाडीत बसवल्यावर तो ताठ मानेने इकडेतिकडे बघू लागला, डॉक्टरांबरोबर फिरायला निघाल्यासारखा. बाई फाटकातून आत आल्या आणि कडी लावून घेतली. वन्सं मात्र गाडी वळेपर्यंत बाहेर उभ्या होत्या.

मग साफसफाई सुरू झाली. गाद्या उन्हात पडल्या, पडदे उकळत्या पाण्यातून निघाले, भिंतींना चुना लागला. फरशीच्या फटींतून बाई हेअरपिनने केस उकरून काढत होत्या. वन्सं तोंडाने कुरकुरत, पण हाताने त्यांच्या दुप्पट काम उरकत होत्या. शेवटी चिमणी त्यांच्याही भाचीचीच पोर. दिवाणखान्यात नाताळचा गोठा मांडायची वेळ आली, तेव्हा मातीचा बैल हातात धरून त्यांनी विचारलं, "याला ठेवू, की हाही वखारीत जाऊ दे?"

बाईंना किती दिवसांनी खदखदून हसू आलं. दाराला कागदाचा तारा लागला, केक भट्टीतून भाजून आला, आणि भेटीचं पुडकंही बांधून झालं. पुडक्यात स्वेटर होता, पांढरा, लाल गुंड्यांचा. लोकर वन्संनी कातलेली, विणकाम बाईंचं.

नाताळच्या आदल्या दिवशी दुपारी लेकीची गाडी दारात उभी राहिली. जावई बॅगा न काढताच थांबले. बायकोचा हुकूम असावा. लेक एकटी आत आली. ती खोल्याखोल्यांतून फिरली, गादीवरून तळहात फिरवला, पडदा नाकाशी धरला. बाई तिच्या मागून परीक्षेला बसलेल्या मुलीसारख्या चालत होत्या.

"आई, तू खरंच..." लेक म्हणाली. मग तिने खिडकीतून हाक मारली, "अहो, बॅगा काढा!"

बॅगांचा तो दणका बाईंना देवळाच्या घंटेहून गोड वाटला.

चिमणी आत आली ती कुडकुडतच. चुना अजून ओलसर, घर गार पडलेलं. "उद्याची भेट आजच देऊन टाकू या," वन्सं म्हणाल्या, आणि पुडकं उघडलं. चिमणीने स्वेटर अंगात घातला, बाहीवर गाल घासला. "आजी, किती मऊ!" म्हणत घरभर नाचली. बाईंनी तिला जवळ ओढलं, गुंड्या लावून दिल्या.

चहा कपात ओतेपर्यंत पोर खोकायला लागली. मग छाती वाजू लागली. लेकीने पर्समधून दम्याचा पंप काढला, तिच्या तोंडाला लावला आणि नजर खोलीभर फिरवली. कुठेच काही नव्हतं. नजर पोरीवर येऊन थांबली.

"ही लोकर कुठली?"

"घरचीच की!" वन्सं कौतुकाने म्हणाल्या. "झिप्र्याची, आणि मऊपणाला थोडी सशांची. मी स्वतः टकळीवर..."

लेकीने गुंड्या सोडून स्वेटर पोरीच्या अंगातून काढला.

कुणाला खरं वाटणार नाही, पण दोघींच्या ध्यानातच आलं नव्हतं. फरशीवर पडतो तो केस. विंचरून, धुऊन, उकळून, कातून सुईवर चढली की ती लोकर. त्या घरात हे असंच चालत आलं होतं. डॉक्टरांचे मोजे, वन्संची शाल, सगळं त्याच लोकरीचं.

बॅगा पुन्हा गाडीत गेल्या. चिमणीची धाप ओसरली होती, पण आता लॉजच बरा. लेक ओरडली असती तर बाईंनी सोसलं असतं. ती ओरडली नाही. फाटकाशी थांबून म्हणाली, "मलाही हेच व्हायचं, आई. सासरी पहिल्या हिवाळ्यात खोकला आलाच नाही, तेव्हा कळलं."

"मग बोलली का नाहीस?"

"बाबांना काय सांगायचं? मी, नाहीतर ही सगळी, यातलं एक निवडा? भीती वाटायची."

"कसली?"

लेकीने गाडीत बसून दार ओढून घेतलं. गाडी गेली.

बाई तिथेच पायरीवर बसल्या. लेक लहानपणी दर हिवाळ्यात खोकायची. लांबून चाल बघून गाईचा आजार सांगणारे डॉक्टर म्हणायचे, हिला थंडी बाधते. मग बाई आणखी एक स्वेटर विणायच्या. खोकला वाढला की वर शाल गुंडाळायच्या. आपल्या हातांनी, आवळून.

"मी जाऊ का लॉजवर, समजूत घालायला?" वन्संनी आतून विचारलं. आवाज अगदी लहान झाला होता.

"तुम्ही काय नि मी काय, वन्सं. आपल्या अंगावरचं प्रत्येक कापड तसलंच."

नाताळच्या दिवशी सकाळी डोक्यावरून न्हाऊन, अंगाला चादर लपेटून बाई शेजारच्या शिंपीणबाईंच्या दारात उभ्या राहिल्या.

"अगं बाई! हे काय सोंग?"

"केस न लागलेलं काहीतरी घालायला दे."

शिंपीणबाईंच्या दुकानात मांजराला मज्जाव होता. त्यांनी एका गिऱ्हाइकाचा नवा अंगरखा काढून दिला. "अजून टाचण्याच आहेत, शिवण व्हायचीय. जपून बस. फाटला तर मला गाव सोडावं लागेल."

लॉजच्या खोलीत पलंग, खुर्ची आणि टेबलावर विकतचा केक होता. बाई खुर्चीच्या कडेवर बसल्या, अंग चोरून. चिमणी धावत आली आणि मांडीवर चढू लागली. बाईंनी दोन्ही हात वर उचलले. तिला ढकलवेना, धरवेना.

"आई, हात का असे?"

"टाचण्या आहेत गं. पोरीला लागतील."

लेक समोर गुडघ्यांवर बसली. बाहीतली एक टाचणी तिने काढली, दातांत धरली, मग कमरेतली, मग गळ्याजवळची. कापड सैल होऊन बाईंच्या अंगावरून ओघळलं. लेकीने ते दोन्ही हातांनी सावरून धरलं.

"घे आता," ती टाचण्यांतून म्हणाली.

बाईंनी नातीला जवळ घेतलं. पोरीच्या पाठीला कान लावून त्या ऐकत राहिल्या. श्वास स्वच्छ येत होता, जात होता. इतका सोपा आवाज, आणि समोर बसलेल्या लेकीच्या पाठीला असा कान त्यांनी कधी लावलाच नव्हता.