खरबुजाची फोड आणि माझी साक्ष

मित्रांनो, मी एक जुना थर्मामीटर आहे. जन्मात कधी खोटं बोललो नाही, तरी खोटारडा ठरून या खोक्यात पडलो आहे.

दूरच्या कारखान्यात माझ्या पोटात पारा भरला आणि मी कोकंद शहरात ओयसुलुव आपांच्या पिशवीत आलो. पहिलं महायुद्ध संपलं होतं, दुसरं अजून यायचं होतं. बाळंतपणानंतरच्या तापानं तेव्हा फार बायका जायच्या. म्हणून सुईण आपा रोज सकाळी घरोघर फिरत. आधी आईच्या काखेत, मग बाळाच्या काखेत मला ठेवत. पारा चढला की बाळंतिणीला गाडीत घालून थेट इस्पितळात नेत. कितीतरी जणी वाचल्या. "हा माझा काचेचा काझी! याचा निवाडा चुकायचा नाही," असं आपा म्हणत, आणि मी फुगून जाई.

मग हाजरला मुलगा झाला. तिच्या सासूनं, सबोहत खालांनी, पहिल्याच दिवशी बजावलं, "चाळीस दिवस चिल्ला! बाळंतीण उंबरठ्याबाहेर गेली तर बाळाला बाधा होते."

"ताप आला तर मी नेणारच, खाला."

"काहीतरी शुभ बोल गं बाई! तुझ्या जिभेला काही हाड?"

एका सकाळी मी हाजरच्या काखेत गेलो. काख थंडगार, पण अंग आतून थरथरत होतं. कातडीला खरबुजाचा वास येत होता. विहिरीत गार केलेली एक फोड काखेतून काढून घाईनं पाळण्याखाली सरकवलेली मला दिसली. बाधेच्या भीतीनं हाजरनं बाळाला छातीशी घट्ट धरलं. खरबुजांचे दिवस, घरभर तोच वास. आपांना कसं कळावं? मला गारवा लागला, मी गारवाच सांगितला.

"ताप नाही हो," आपा हसून म्हणाल्या.

पुढचे दिवसही तेच. मग हाजर गेली.

"तुझ्या काचेनं घात केला गं!" खाला ऊर बडवू लागल्या. त्यांची नजर पाळण्याखाली गेली, पण खरं तोंडातून निघालं नाही.

आणि आपा? मला काझी म्हणणाऱ्या आपा! "याच्यावरच विसंबले मी," एवढं म्हणून त्यांनी मला या खोक्यात टाकलं. एकदाही पुन्हा पारखून बघितलं नाही. तेच फार लागलं मला.

मित्रांनो, घरात कुणाला ताप आला तर तो लपवू नका. हवं तर मला फोडा, पण फसवू नका.

हाजरचा मुलगा आता मोठा झाला म्हणतात. तुझ्या आईला काचेनं मारलं, असंच त्याला सांगितलं आहे.