नऊ बोटांचं अंतर

मी एक जुना पृथ्वीगोल आहे, मित्रांनो. विमानाची तिकिटं काढून देणाऱ्या दुकानात काउंटरवर बसतो. पोट पुठ्ठ्याचं, डोक्याला चिकटपट्टी, फिरवलं की कुरकुरतो.

तरुणपणी काय थाट होता माझा! गिऱ्हाईक आलं की मालक दोन गावांच्या मधे माझ्या पोटावर बोटं मांडायचे. "एक बोट, एक तास!" हिशेब ढोबळ, पण सहसा फसायचा नाही. मग कॉम्प्युटर आला आणि माझी खुंटी झाली. मालक येतात, लोकरीची टोपी माझ्या डोक्यावर चढवतात. अख्खा उत्तर ध्रुव घामाघूम!

परवा सकाळी आमच्या जुन्या गिऱ्हाईक, शिवणवाल्या ताई, तिकीट न्यायला धावत आल्या. गळ्यात टेप, हातात डबा. डब्यात बर्फावर ठेवलेलं इंजेक्शन, दूरदेशी आजारी पडलेल्या भावासाठी. तिकडे ते मिळत नव्हतं. बर्फ दहा तास टिकणार. औषध तापलं की वाया, आणि दुसरं यायला महिना.

"विमानाला किती वेळ लागतो हो?"

मालकांनी तिकिटावर नजर टाकली. "दोनला उडतं, सहाला उतरतं. चार तास. एक डुलकी काढा, पोचलात!"

चार? तोंड असतं तर बोंब ठोकली असती! बाहेर टॅक्सी हॉर्न वाजवत होती. ताई दाराकडे वळल्या. मालक त्यांना पोचवायला उठले आणि त्यांनी टोपी ओढली. माझी चिकटपट्टी सुटलेली, तिला लोकर चिकटलेली. मी टोपी सोडलीच नाही! हवेत उडालो, धाडकन आपटलो, गडगडत गेलो थेट ताईंच्या पायाशी.

"अगंबाई, पृथ्वीच पडली!" उचलता उचलता ताई थबकल्या. "आपण इथे... दादा इथे. मालक, ते तुमचं एक बोट, एक तास?"

त्यांनी बोटं मांडली. एक हात संपला. दुसऱ्याचीही चार लागली. नऊ.

मालकांचा चेहरा उतरला. "ताई, घोळ झाला माझा. सहा म्हणजे तिथले सहा. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा पाच तास मागे. विमान नऊ तास उडतं!"

"आणि विमानतळावर बसायचं ते वेगळं! बर्फाचं पाणी होईल हो!"

मालक चप्पल न घालताच शेजारच्या औषधवाल्याकडे पळाले. मोठी पेटी आणली, दुप्पट बर्फ भरला. टॅक्सी धूळ उडवत गेली.

रात्र गेली. सकाळी मालक नुसते मला फिरवत बसले. मी कुरकुरलो, तरी थांबेनात. शेवटी फोन वाजला.

"मालक, गार होतं! टोचलंसुद्धा! दादा म्हणतो, त्या गोलाला नमस्कार सांग."

मालकांनी फोन ठेवला. हातोडी शोधली आणि भिंतीत टोपीसाठी खिळा ठोकला.

मित्रांनो, तिकिटावरच्या दोन वेळा दोन गावांच्या असतात, सरळ वजाबाकी करू नका. आणि तुमच्या माळ्यावर माझा एखादा भाऊ पडला असेल तर त्याला खाली काढा, पुसा, तेलाचा थेंब द्या. टोपी मात्र आपापल्या डोक्यावर ठेवा. पुढच्या वेळी मी पायावर पडेन!