पाखऱ्याजवळ उतरलेली पाखरं

मी एक जुनी घंटा आहे. बैलाच्या गळ्यातली. मित्रांनो, माझी गोष्ट एका दमात सांगता येणार नाही, कारण मान हलली तरच मी बोलते. मान थांबली की माझं वाक्य

इथंच थांबतं.

उदगीरच्या ओताऱ्यानं मला काशाची ओतली. मुरुडच्या बाजारात केवळाबाईनं मला कानाजवळ धरून वाजवलं आणि नवऱ्याला, श्रीमंतला, म्हणाली, "हिला गळा हाय." मग मी त्यांच्या बैलाच्या, पाखऱ्याच्या, गळ्यात आले. पेरणीला वाजले, मळणीला वाजले. रानात बैल दिसेनासा झाला की केवळाबाई कान द्यायची आणि नेमकी तिथं यायची. लोक म्हणत, काय घंटा आहे! बैलाला कोणी काही म्हणत नसे.

मग पाऊस चुकला. पुढच्या सालीही चुकला. त्याच सुमारास लातूर जिल्हा झाला. गावाबाहेरच्या निम्म्या कुरणावर नव्या कचेऱ्यांसाठी खडी पडली. उरलेल्या पट्ट्यात तेवढं वाळलं गवत होतं. थंडीतल्या एका दुपारी पाखऱ्या दावं तोडून तिकडं गेला. चार घास खाल्ले. बसला. मग त्याला उठता

येईना.

उन्हं उतरली आणि पाखरं आली. भोवत्या म्हणतात त्यांना. लांब पंखांची, घुबडासारख्या चेहऱ्याची शिकारी पाखरं. दिवसा टोळ आणि उंदीर टिपतात, निजतात मात्र गवतात, जमिनीवर. पूर्वी ती कुरणभर पांगून उतरायची. आता खडीवर कशी निजणार? सगळी आमच्याच पट्ट्यावर घिरट्या घालू लागली. एक उतरलं, दोन उतरली, मग आभाळच खाली येऊ लागलं. एक मादी पाखऱ्याच्या शिंगापासून हातभर अंतरावर गवत दाबून बसली. त्यानं तिच्याकडे पाहिलं. तिनंही पाहिलं. दोघांनाही एकमेकांकडून काही नको होतं.

तेवढ्यात लांब खडीच्या ढिगावर केवळाबाई आणि श्रीमंत दिसले.

"पाखऱ्याऽऽ!"

त्यानं कान हलवला. कानानं मी वाजत नाही, मित्रांनो.

"बघ, गिधाडं कशी उतरून राहिलीत," श्रीमंत म्हणाला. "संपला त्यो."

"जरा गप ऱ्हावा. घंटा ऐकू द्या."

"मेल्याची घंटा वाजती व्हय?"

"म्या जवळ जाऊन बघते."

"काय बघतीस? फोडलेले डोळे? लेकरावानी वाढवलंस तू त्याला. चल घरी."

ती तरी उभी राहिली, मान तिरकी करून, ऐकत. माझा लोलक माझ्या कडेपासून बोटभर लांब होता. पाखऱ्यानं मान उचलायला घेतली आणि

केवळाबाईनं पदर तोंडाला लावला. ती फिरली.

रात्रभर त्याचा श्वास माझ्यावर येत होता. उजाडेपर्यंत.

ऊन आलं तशी पाखरं उडून गेली. केवळाबाई एकटीच आली. आमच्याकडे बैलाबरोबर घंटा पुरत नाहीत, ती सोडवून घ्यायला. तिनं आधी डोळे पाहिले. दोन्ही धड होते. अंगावर कुठंही चोच लागलेली नव्हती. तिनं माझ्याखाली, त्याच्या गळ्यावर हात ठेवला. ऊब होती अजून.

"अगं माय," ती म्हणाली, "ती पाखरं तर नुसती निजायला आलती."

तिनं माझी गाठ सोडली नाही. हात तिथंच ठेवून बसून राहिली, ऊब जाईपर्यंत.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी आम्ही वस्तू म्हणतो, आम्हाला घासूनपुसून ठेवा. मला नका घासू. पण आवाज आला नाही म्हणून कुणी संपलं, असं लांबूनच म्हणू नका. चार पावलं चाला. आवाज देण्याइतकं बळ उरलेलं नसतं, तेव्हाच ती चालायची असतात.