दुसरा खिळा

मित्रांनो, मी एक जुना सागवानी फळा आहे; शाळेतला नव्हे, टेनिसच्या मैदानावरचा. माझ्यावर कधी कुणी पाढे लिहिले नाहीत. माझ्या अंगावर वरून खाली सोळा खिळे आहेत. त्या खिळ्यांवर कोणकोणती नावे टांगली गेली, एवढेच माझे आयुष्य. ते ऐकण्याजोगे आहे की नाही, याची मला खात्री नाही. पण माझ्याजवळ दुसरी गोष्ट नाही, आणि ही ठाऊक असलेली माणसे आता थोडीच उरली आहेत.

मंगरूळपीरच्या एका सुताराने १९२६ सालच्या थंडीत मला घडवले. वाशीमच्या क्लबापुढे तेव्हा हिरवळीचे मैदान नुकतेच तयार झाले होते. आपली काळी माती तुम्हाला ठाऊक आहे. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा मातीत गवत राखणे सोपे नव्हते. मोटेचे पाणी पाटाने फिरवावे लागे. पुंजाजी नावाचा म्हातारा बैलजोडीमागे दगडी रूळ ओढवून जमीन सपाट करी आणि सोजरबाई वर्षभर गुडघ्यांवर बसून मैदान खुरपी. हरळी ठेवायची आणि लव्हाळा उपटायचा, हे तिचे काम. कोवळेपणी दोन्ही सारखेच दिसतात. पण सोजरबाई डोळ्यांनी बघतच नसे. ती देठ बोटांत धरून फिरवी. हरळीचा देठ गोल आणि लव्हाळ्याचा तीन कडांचा. बोलता बोलता, दुसरीकडे बघत, तिची बोटे लव्हाळा नेमका उपटत. हे लक्षात ठेवा, कारण पुढे सारे त्या बोटांवरच येणार आहे.

दर वर्षी पौषात तिथे वऱ्हाड चषकाचे सामने होत. अकोला, अमरावती, यवतमाळकडून खेळाडू येत. पुरुषांच्या एकेरीत सोळा नावे असत. प्रत्येक नावाची तळहाताएवढी लाकडी पाटी असे. शेजारशेजारच्या दोन खिळ्यांवर ज्यांची नावे, त्यांचा पहिला सामना. पहिला खिळा गेल्या वर्षीच्या विजेत्याचा, त्याची पाटी आधीच टांगलेली असे. उरलेल्या पंधरा पाट्या पायलीत, म्हणजे धान्य मापायच्या मापात, घालून तीनदा हलवायच्या आणि एकेक काढून दुसऱ्या खिळ्यापासून खाली टांगत जायच्या. त्यामुळे पहिली निघालेली पाटी दुसऱ्या खिळ्यावर येई आणि त्या माणसाला विजेत्याशीच खेळावे लागे. दुसऱ्या खिळ्याला सगळे भीत.

पाटी कोणी काढायची, याचाही एक रिवाज होता. ज्याला अक्षर येत नाही, त्याने काढायची. हात थेट तळाशी घालायचा आणि तळातलीच पाटी उचलायची, म्हणजे वरवरचे बघून निवडली असे कुणाला म्हणता येऊ नये. हा मान सोजरबाईचा. त्या एका दिवशी ती धुतलेले लुगडे नेसून क्लबाच्या ओसरीवर येई. तिला नारळ आणि चोळीचा खण मिळे. एरवी ओसरी झाडायलाही तिला वर बोलवत नसत.

पाट्या रंगवायचे काम फय्याजचे. बैलगाड्यांवर आणि दुकानांवर रंगकाम करणारा हा कारागीर. पहिल्या वर्षी सुताराने माझ्याच उरलेल्या सागवानाचे सोळा तुकडे पाडले होते. पुढे खेळाडू बदलले, कुणाची बदली झाली, कुणी खेळ सोडला. मग नव्या पाट्या चहाच्या खोक्यांच्या हलक्या फळीच्या होऊ लागल्या. जे जुने राहिले त्यांच्या त्याच पाटीवर फय्याज दर वर्षी जुन्या रंगावर नवा रंग चढवी. अक्षरे पहिल्यांदा सपाट होती, मग बोटाला लागतील एवढी उठून आली.

अमरावतीचे हेमसिंग सहा वर्षे विजेते होते. त्यांची पाटी सागवानी होती. दुसरी सागवानी पाटी उरली होती ती इंद्रभान मास्तरांची. हे रिठदच्या शाळेत शिकवत आणि सायकलवरून खेळायला येत. पहिल्या वर्षापासून त्यांनी एकही चषक चुकवला नव्हता. त्यांचा खेळ देखणा होता. गवतावर चेंडू फार उसळत नाही, घसरत येतो. मास्तर गुडघ्यात वाकून तो जमिनीलगत असा परतवीत, की पलीकडचा माणूस नुसता बघत राही. पण १९३४ साली सोजरबाईच्या हातून पहिली पाटी निघाली ती मास्तरांची. पस्तीस सालीही तीच. छत्तीस सालीही तीच. तिन्ही वेळा पहिल्याच सामन्यात समोर हेमसिंग आणि तिन्ही वेळा मास्तर सायंकाळच्या आत सायकलवर बसून परत.

लोक बोलू लागले. सोजरबाईचा हात अपेशी आहे, असे म्हणू लागले. कुणी लग्नाच्या हळदीला तिला बोलवीना. मास्तरांनी तिला कधी दोष दिला नाही. पण छत्तीस सालच्या सामन्यानंतर पाट्या पुसताना तिने त्यांची पाटी बराच वेळ पदरात धरून ठेवली होती, ते मी पाहिले आहे.

पाट्या पुसण्याचे कामही तिचेच. जवसाच्या तेलाचा बोळा फिरवून ती पाट्या फडक्यात बांधून ठेवी. सोडतीच्या दिवशी क्लबाचे चिटणीस रामराव वकील नावे मोठ्याने वाचून टांगीत, ते तिच्या कानात राहिलेले असे. मग पुसताना ती माझ्यापुढे बसून बोट फिरवी आणि पुटपुटे, "हे, म, सिं, ग." मला वाटे, वेळ घालवते आहे. मित्रांनो, एवढ्या वर्षांत ती वाचायला शिकली, हे मला कळायला हवे होते. मी तर फळा.

आता सदतीस सालची सोडत. त्या वर्षी मास्तरांचा उजवा गुडघा सुजला होता. ओसरीच्या पायरीवर बसून ते रामरावांना म्हणाले, "वकीलसाहेब, यंदाचं वर्स शेवटचं. एकदा तरी दुसरा सामना खेळून जावं म्हणतो. मंग नाही म्हणत काही."

सोजरबाई खांबाशी उभी होती. तिने ते ऐकले.

सोडतीआधी नेहमीप्रमाणे भाकिते चालली. रिठदचेच जमीनदार दौलतराव स्वतः खेळाडू होते आणि बोलायला त्यांना कुणी लागत नसे. "खालचा अर्धा भाग मंगरूळच्या युसूफचा समजा," ते म्हणाले. "डावखुरा गडी. सकाळचं दव असलं का त्याचा चेंडू गवतावरून सापावानी सरकते."

"अन् दुपारून?" कुणी विचारले.

"दुपारून माहा."

"दुपारून तुमी जेवता, दौलतराव."

लोक हसले. "वरचा भाग तर हेमसिंगचाच," दौलतराव पुढे म्हणाले. "कोण जाते दुसऱ्या खिळ्यावर, एवढंच पाहाचं. मास्तर, सायकलीत हवा भरून ठेवली ना?"

मास्तरही हसले, पण थोडेच.

रामरावांनी पायली तीनदा हलवली. सोजरबाईने हात आत घातला. मी समोरच भिंतीला टेकून उभा होतो. तिचा हात तळाशी गेला आणि थांबला. मनगटाजवळची शीर तेवढी हलत होती. लव्हाळा चाचपताना ती जशी दुसरीकडे बघे, तशी ती त्या वेळी मैदानाकडे बघत होती.

"काय झालं, सोजरबाई?" रामरावांनी विचारले. "काहून थांबली?"

तिने हात बाहेर काढला. तो रिकामा होता.

"वकीलसाहेब," ती म्हणाली, "माह्या हातानं आता नका काढू. मले अक्षरं समजतात."

तिने तळहात पुढे केला. "रंग वर आला हाय. बोटाले लागते. हाती आलेली पाटी कोणाची, मले समजली. ते सोडून दुसरी घ्यावी वाटलं. म्हून काढलीच नाही."

ती गप्प राहिली असती, तर कुणालाही कळले नसते. बोट भरभर सरकवून तिने बाजूची पाटी उचलली असती, तर मास्तर खाली कुठेतरी सुखाने गेले असते आणि तिचा नारळ, तिचा खण, तिची ओसरी तिच्याकडेच राहिली असती. पण ती बोलली, आणि बोलल्याचे पहिले फळ तिला लगेच मिळाले.

"म्हंजे तीन वर्सं तू वाचून काढत होती?" दौलतराव म्हणाले. "मास्तरनं काय घोडं मारलं होतं तुहं?"

"नाही, दौलतराव. तवा नव्हतं येत मले."

"हे कोण सांगते?"

सोजरबाईने दोन्ही हात पदराखाली घेतले. उत्तर मला ठाऊक होते. तिची पुटपुट मी ऐकली होती. गेल्या पौषापर्यंत तिचे एक नाव धड जुळत नव्हते. पण फळ्याची साक्ष कोण घेणार?

मास्तर उठले. "मी सांगतो," ते म्हणाले. "पण माह्या सांगण्यानं भागणार नाही. वकीलसाहेब, पुंजाजीले बोलवा. त्याले एक अक्षर समजत नाही."

पुंजाजी बैल सोडून आला. पाय पुसले, हात धोतराला पुसला. रामरावांनी पायली पुन्हा तीनदा हलवली. पुंजाजीने रिवाजाप्रमाणे तळाशी हात घातला आणि पाटी काढून पुढे धरली. मग रामरावांच्या मनात काय आले कोण जाणे. ते म्हणाले, "ज्याले येत नाही त्यानं काढावं. मंग ज्याले येते त्यानं वाचावं. वाच, सोजरबाई."

तिने पाटी हातात घेतली. या वेळी तिने डोळ्यांनी पाहिले. तिचे ओठ हलले. मग ती एकेक अक्षर सुटे करत म्हणाली, "इं. द्र. भा. न."

फय्याज जिन्यापाशी रंगाचा डबा घेऊन बसला होता. तो उठला, तिच्या हातून पाटी घेतली आणि पायलीतली दुसरी एक उचलली. दोन हातांत दोन धरून त्याने वरखाली केले.

"वकीलसाहब," तो म्हणाला, "हे धरून पाहा. ही खोक्याची, ही सागाची. वरून माहा बारा वर्साचा सफेदा. पायली हलवली का भारी चीज तळालेच जाईन. अन् तुमचा हात बी तळाले." त्याने मान खाली घातली. "कसूर हातचा नाही. कसूर रंगाचा हाय, म्हंजे माहा."

रामरावांनी पाट्या हातात तोलल्या. दौलतरावांनीही तोलल्या आणि परत दिल्या. चार वर्षांपूर्वीपर्यंत आणखी दोघांच्या सागवानी पाट्या पायलीत असत. ते बदली होऊन गेले, आणि तेव्हापासून तळाला मास्तरच एकटे उरले होते.

मित्रांनो, सर्वांत जास्त लाज मला वाटते. ती पाटी माझ्याच अंगाचा तुकडा होती. तिचे वजन मला ठाऊक असायला हवे होते. तीन वर्षे ती माझ्या दुसऱ्या खिळ्यावर लटकली, खिळा थोडा वाकलासुद्धा, आणि मीही इतरांसारखाच सोजरबाईच्या हाताकडे बघत राहिलो.

"सोडत रद्द," रामराव म्हणाले. "पाट्या सारख्या करू, उद्या पुन्हा काढू."

"कायले?" मास्तर म्हणाले. त्यांनी फय्याजच्या हातून आपली पाटी घेतली. "पुंजाजीनं काढली, मावशीनं वाचली. याहून साफ सोडत कोणती? बारा वर्साचं वजन हाय यात, अन् ते माहंच हाय. मीच टांगतो." लंगडत येऊन त्यांनी ती दुसऱ्या खिळ्यावर स्वतःच्या हाताने अडकवली. मग सोजरबाईकडे वळून म्हणाले, "मावशी, तुह्या हाताचं काही नव्हतं. आता तरी हात पदराखाली लपवू नको."

तिने हात बाहेर काढले. दोन्ही. त्यांच्याकडे ती अशी बघत होती, जणू ते कुणीतरी नेऊन आज परत आणून दिले होते.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी पहिला डाव सहा-चार जिंकला. चार वर्षांत हेमसिंगांनी पहिल्या सामन्यात गमावलेला तो एकच डाव. पुढचे दोन मास्तर हरले. हेमसिंग जाळ्यापाशी येऊन त्यांच्या गळ्यात पडले, तेव्हा मैदानाच्या कडेला सोजरबाई खुरपे घेऊन उभी होती आणि तिने चुन्याची रेघ पायाने पुसली जाऊ नये म्हणून दोन पावले मागे घेतली.

फय्याजने पुढच्या वर्षीपासून सगळ्या पाट्या एकाच फळीच्या आणि नव्याने करायला सुरुवात केली. पुंजाजी काढी, सोजरबाई वाची. तिचा वाचण्याचा वेग कधी वाढला नाही, पण लोक थांबत. मग लढाई आली. क्लब चालवणारे गोरे साहेब लोक गेले, मोट थांबली, लव्हाळ्याने हरळीला गिळले. एकेचाळीस सालानंतर चषक झाला नाही. क्लबाच्या मोडक्या खुर्च्यांबरोबर मीही विकला गेलो आणि आता कापसाच्या एका गोदामात भिंतीला ठोकलेला आहे. माझ्या खिळ्यांवर हमालांच्या बंड्या आणि दोऱ्या असतात. माझ्यावर नावे असत, हे कुणाला माहीत नाही. कुणी विचारावे, असा आग्रहही नाही.

एवढीच विनंती करतो, मित्रांनो. मी फार जाणता नाही, चुकत असेन तर सोडून द्या. एखाद्याच्या वाट्याला तोच कठीण डाव पुन्हा पुन्हा आला, तर कुणाच्या हाताला, पायगुणाला दोष देण्याआधी पाटी उचलून पाहा. जुन्या वस्तूंवर आपण दर वर्षी नुसता नवा रंग देतो आणि त्यालाच काळजी म्हणतो. एखाद वर्षी खरवडून खाली काय आहे, तेही बघावे.

गेल्या आठवड्यात कापूस वेचून साफ करायला काही बायका गोदामात आल्या. त्यांत एक वाकलेली म्हातारी होती. तिने मला ओळखले की नाही, आधी कळेना. ती जवळ आली, दुसरीकडे बघत बोटे माझ्यावरून फिरवली, पहिला खिळा सोडला आणि दुसऱ्यावर थांबली. तो अजून थोडा वाकलेला आहे. तिने त्यावर आपल्या भाकरीचे गाठोडे टांगले आणि कामाला बसली.

गाठोडे हलकेच होते. तरी संध्याकाळपर्यंत मी ते जपून धरले.